चिकटायचे कोठे, सुटायचे केव्हा : कीटकांमार्फत पसरणाऱ्या जिवाणूंविषयी वाचकांचे प्रश्न

रस शोषणाऱ्या किडी आणि त्यांच्यामार्फत पसरणारे पीकरोग यांविषयी गेल्या अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकच होता : कीटकाच्या सोंडेतून रस सतत वाहत असतो, तर जिवाणू त्याच्याबरोबर वाहून का जात नाही, आणि झाडात शिरल्यावर तो तेथे कशाच्या आधाराने राहतो? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. जिवाणू कीटकाच्या शरीरात नेमका कोठे धरून राहतो, यावर त्या रोगाचा बंदोबस्त कसा करायचा हे ठरते. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : कॅलिफोर्नियातील द्राक्षांवर येणाऱ्या पिअर्स रोगाविषयी वाचले. तुडतुड्यासारखा कीटक रस पिताना जिवाणू आत ओढून घेतो आणि दुसऱ्या वेलीत सोडतो, असे त्यात म्हटले होते. आत ओढलेला जिवाणू पोटात जाऊन पचून का जात नाही? तो उलट बाहेर कसा येतो? हा रोग आपल्या बागांत आहे का? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत पिअर्स रोगाची नोंद नाही. पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर आपल्याकडे पाण्याचा ताण, पाण्यातील क्षार किंवा पालाशची कमतरता ही कारणे आधी तपासावीत. परंतु हा रोग घडवणारा झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू कीटकात कसा टिकून राहतो, याचा जितका बारकाईने अभ्यास झाला आहे तितका या गटातील क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिवाणूचा झाला असेल. त्यामुळे आपल्या प्रश्नाला तेथूनच चांगले उत्तर मिळते.

रोगाला न्यूटन पिअर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. 1880 नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम परिसरातले द्राक्षमळे झपाट्याने वाळू लागले, तेव्हा पिअर्स यांनी त्यांची पाहणी करून 1892 साली अहवाल प्रसिद्ध केला. पुढे कित्येक दशके हा विषाणूजन्य रोग समजला गेला. 1973 साली रोगट वेलींच्या जलवाहिन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसले, 1978 साली ते प्रयोगशाळेत वाढवता आले आणि 1987 साली त्यांना आजचे नाव देण्यात आले.

हा जिवाणू झाडात फक्त जलवाहिन्यांत, म्हणजे मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्यांत राहतो. त्याचा प्रसारही जलवाहिन्यांतील रस पिणारे कीटकच करतात. अमेरिकेत ते शार्पशूटर या नावाने ओळखले जाणारे मोठे तुडतुडे आहेत, तर इटलीत पिल्लावस्थेत फेसाच्या आवरणात राहणारा एक किडा आहे. जलवाहिनीतील रस जवळजवळ पाणीच असल्याने पोट भरण्यासाठी या कीटकांना तो प्रचंड प्रमाणात प्यावा लागतो. दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या शंभर पटींहूनही अधिक रस पिणारे शार्पशूटर नोंदलेले आहेत. त्यासाठी त्यांच्या डोक्यात बळकट स्नायूंचा पंप असतो. या कीटकाचा चेहरा पुढे फुगीर दिसतो, तो याच स्नायूंमुळे.

या पंपात आणि सोंडेतून पंपाकडे जाणाऱ्या अरुंद नळीत झायलेला राहतो. पोटात जाणारे जिवाणू खरोखरच वाहून जातात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात, रोग पसरवण्यात त्यांचा वाटा नसतो. रोग पसरवतात ते पोटाच्या अलीकडे, तोंडाजवळच्या मार्गाला चिकटून राहिलेले जिवाणू. ही जागा वाहतुकीची, आणि प्रवाह इतका जोराचा की तेथे नुसते रेंगाळून चालत नाही, घट्ट धरूनच ठेवावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या चित्रांत त्या अरुंद नळीच्या भिंतीवर जिवाणूंचा दाट गालिचा दिसतो. त्यातील बहुतेक पेशी आडव्या पडलेल्या नसतात. लांबट पेशीचे एक टोक भिंतीला चिकटलेले असते आणि बाकीचे अंग प्रवाहात मोकळे असते. सुरुवातीला येणाऱ्या पेशी कुशीवर टेकतात आणि वस्ती वाढत जाते तशा त्या टोकावर उभ्या राहतात, असे निरीक्षण आहे. रसात अन्नाचा अंश अत्यल्प असल्यामुळे अंगाचा जास्तीत जास्त भाग प्रवाहात असणे जिवाणूच्या हिताचे असावे, हा यामागचा तर्क मला पटतो.

आता हे चिकटणे होते कशाने ते पाहू. कीटकाच्या तोंडाकडील अन्नमार्गाला आतून त्याच्या कवचाचेच अस्तर असते आणि त्यात कायटिन हा शर्करांच्या साखळीचा पदार्थ असतो. झायलेलाच्या पृष्ठभागावर हेमॅग्लुटिनिन गटातली मोठी प्रथिने असतात. ती कायटिनला आणि एकमेकांनाही धरतात. ज्या जिवाणूंत ही प्रथिने तयार होत नाहीत, ते कीटकाच्या तोंडात नीट टिकत नाहीत आणि दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचण्याचे त्यांचे प्रमाण घटते. याखेरीज पेशीच्या एकाच टोकाला दोन प्रकारचे तंतू असतात. आखूड तंतू पृष्ठभागाला धरून ठेवतात. लांब तंतूंचे काम वेगळे आहे. जिवाणू हा तंतू लांब टाकतो, त्याचे टोक भिंतीला चिकटते आणि मग जिवाणू तो आत खेचून घेतो. नावाड्याने पुढच्या खुंटाला दोर अडकवावा आणि तो ओढत होडी प्रवाहाच्या उलट न्यावी, तसा हा जिवाणू रसाच्या प्रवाहाविरुद्ध सरकतो. पोहण्यासाठी लागणारी शेपटी त्याला मुळीच नाही. प्रयोगात हा वेग मिनिटाला 5 मायक्रोमीटरपर्यंत मोजला गेला आहे, म्हणजे न थांबता चालत राहिला तर दिवसाला सुमारे 7 मिलिमीटर. पानातून शिरलेला जिवाणू खोडाकडे, प्रवाहाच्या उलट दिशेने, कसा पोहोचतो याचा उलगडा या तंतूंमुळे झाला. आखूड तंतू काढून टाकलेले जिवाणू मूळ जिवाणूंपेक्षा कितीतरी वेगाने सरकतात, हेही त्याच प्रयोगांत दिसले. धरून ठेवणारे तंतू प्रवासाला अडथळा करतात, हे लक्षात ठेवावे. पुढच्या प्रश्नात त्याचे महत्त्व कळेल.

जिवाणू उलट बाहेर कसा येतो, हे आपण विचारले आहे. कीटक नवीन जागी सोंड घालतो तेव्हा तो थोडा रस आत घेतो, त्याची चव पाहतो आणि काही वेळा तो लाळेसह परत सोडतो. चव ओळखणारी इंद्रिये त्याच अरुंद नळीत असतात. या मागे येणाऱ्या थेंबाबरोबर भिंतीवरच्या काही पेशी सुटतात आणि झाडात जातात, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यासाठी फार पेशी लागत नाहीत, आणि कीटकाच्या शरीरात जिवाणूची वाढ होईपर्यंत थांबावेही लागत नाही : रोगट वेलीवरून उठलेला कीटक लगेचच दुसऱ्या वेलीला रोग लावू शकतो.

या जागेचा एक परिणाम बागायतदाराच्या फार उपयोगाचा आहे. अन्नमार्गाचे ते अस्तर कवचाचाच भाग असल्यामुळे पिल्लू कात टाकते तेव्हा अस्तरही निघून जाते आणि त्याच्याबरोबर सगळे जिवाणू जातात. कात टाकलेले पिल्लू पुन्हा निर्धोक असते. प्रौढ कीटक मात्र कात टाकत नाही, म्हणून एकदा जिवाणू लागला की तो मरेपर्यंत प्रसारक राहतो. हा जिवाणू अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जात नाही. दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात 2013 साली हा जिवाणू ऑलिव्हच्या झाडांत सापडला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागा वाळून गेल्या. तेथे वसंतात बागेतील गवत व तण काढण्यावर इतका भर का दिला जातो, ते यावरून कळते. तेव्हा किड्याची पिल्ले तणावर फेसात असतात, त्यांना फारसे हलता येत नाही, आणि ती अद्याप निर्धोक असतात. प्रौढ होऊन रोगट ऑलिव्हचा रस पिईपर्यंत त्यांच्याकडून धोका नसतो, म्हणून त्यांना त्याआधीच गाठायचे असते.

प्रश्न : चिकटण्याची प्रथिने काढून टाकलेला झायलेला झाडाला अधिक आजारी पाडतो, असे वर्गात सांगण्यात आले. रोगकारक जिवाणूची पकड सुटली तर रोग कमी व्हायला हवा. उलटे का होते? (कृषी महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी, राहुरी)

उत्तर : आपल्याला सांगितले गेले ते बरोबर आहे, आणि या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. चिकटणे म्हणजे रोगाची ताकद, असे आपण गृहीत धरतो. जलवाहिनीत मात्र चिकटलेला जिवाणू जागच्या जागी राहतो. रोग वाढतो तो जिवाणू एका नळीतून शेजारच्या नळीत, तेथून पुढच्या नळीत पसरत गेल्याने. दोन नळ्यांमधील खाचांत पातळ पडदे असतात. झायलेला आपल्या विकरांनी त्यांतील पेक्टिन आणि इतर शर्करा तोडून वाट काढतो. नळ्या भरत जातात, वेल स्वतःही बचावासाठी काही नळ्या बंद करते, आणि अखेरीस पानांना पाणी मिळेनासे होते. ज्या जिवाणूची पकड सैल, तो लवकर आणि दूरवर पसरतो, म्हणून वेल अधिक आजारी पडते.

आता प्रश्न असा की निसर्गात सैल पकडीचाच जिवाणू का उरला नाही? कारण त्याला दुसऱ्या झाडापर्यंत जाता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे स्वच्छ दिसले. झायलेला एक लहानसा मेदाम्लासारखा रेणू बाहेर सोडतो. आसपास पेशी थोड्या असतात तेव्हा तो रेणू विरळ असतो. गर्दी झाली की साचतो आणि त्या इशाऱ्याने पेशी चिकट होऊ लागतात. संशोधकांनी हा रेणू बनवणारे जनुक बंद केले. ते जिवाणू वेलीत अधिक पसरले आणि त्यांनी रोगही अधिक तीव्र केला, पण कीटकाच्या तोंडात त्यांना वस्तीच करता आली नाही, आणि कीटक त्यांना दुसऱ्या वेलीपर्यंत नेऊ शकला नाही.

म्हणजे या जिवाणूला दोन परस्परविरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. झाडात शिरताना त्याला मोकळे राहावे लागते आणि झाड सोडताना चिकट व्हावे लागते. कीटक जेथून रस ओढणार त्या नळीत गर्दी असेल, तेव्हाच तेथील पेशी तोंडाला धरण्यास तयार झालेल्या असतात. झायलेला ज्या शेकडो वनस्पतींत राहतो त्यांतील बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, हे या दृष्टीने पाहिल्यास नवल वाटत नाही. झाड मारणे हे त्याचे ध्येयच नाही. वेलीत रोग होणे हा त्याचा तोल गेल्याचा परिणाम आहे, असे म्हणणे मला सत्याच्या अधिक जवळचे वाटते.

याला जोडून आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. प्रयोगशाळेतील साध्या माध्यमात वाढवलेला झायलेला कीटकांना कृत्रिम रसातून पाजला असता ते त्याचा प्रसार करू शकत नाहीत. त्याच माध्यमात पेक्टिनसारख्या वनस्पतीच्या भिंतीतील शर्करा मिसळल्या की तोच जिवाणू प्रसारयोग्य होतो. झाडाच्या पडद्यांतील शर्करांची चव लागल्यावर, म्हणजे आपण झाडात आहोत आणि पुढची गाडी कीटकाची आहे हे जाणवल्यावर, जिवाणू कीटकासाठी लागणारी प्रथिने तयार करू लागतो.

या समजुतीचा उपयोग करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक स्टीव्हन लिंडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इशारा देणारा तो रेणू द्राक्षवेलीतच तयार होईल अशी जनुकीय रचना केली. वेलीत शिरलेल्या मोजक्या पेशींना आपण गर्दीत आहोत असे भासले, त्या लवकर चिकट झाल्या, आणि रोग कमी झाला. जिवाणूला मारण्याऐवजी त्याला वेळेआधी चिकटायला लावण्याचा हा मार्ग मला अतिशय आशादायक वाटतो.

प्रश्न : आमच्या संत्रा बागेत सिट्रस सायला दिसतो. तो रोगट झाडावरून उडून आला आणि चावला की त्या दिवशीच ग्रीनिंग हा झाडाचा रोग लागतो, असे काही जण सांगतात. काही म्हणतात की प्रौढ किडा मारून उपयोग नाही, पिल्ले मारा. खरे काय? (एक संत्रा उत्पादक, वरुड, जि. अमरावती)

उत्तर : पहिले म्हणणे पिअर्स रोगाला लागू पडते, ग्रीनिंगला पडत नाही. दुसऱ्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. दोन्हींचे कारण जिवाणू किड्यात कोठे राहतो यात आहे.

ग्रीनिंगचा जिवाणू, लिबेरिबॅक्टर, झाडाच्या रसवाहिन्यांत म्हणजे पानांत तयार झालेले अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो. हा रस गोड आणि घट्ट असतो, त्यामुळे सायला तो थोडाच पितो. लिबेरिबॅक्टर किड्याच्या तोंडात थांबत नाही. तो पोटात, तेथून आतड्याच्या भिंतीच्या पेशींत, पुढे किड्याच्या रक्तात आणि अखेर लाळग्रंथींत पोहोचतो. वाटेत त्याची संख्याही वाढते. या प्रवासाला साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात, आणि लाळेत जिवाणू आल्यावरच तो किडा झाडाला रोग लावू शकतो. हे जिवाणू शरीराच्या आत शिरलेले असल्याने कात टाकली तरी सुटत नाहीत.

चिकटण्याची कसोटी येथे आतड्याच्या भिंतीवर लागते. तेथे पेशीला धरता आले नाही आणि आत शिरता आले नाही, तर जिवाणू विष्ठेबरोबर बाहेर जातो. लिबेरिबॅक्टरच्या जनुकसंचात घट्ट धरणाऱ्या एका प्रकारच्या तंतूंची जनुके आहेत, आणि ती झाडापेक्षा किड्याच्या शरीरात अधिक काम करताना आढळली आहेत. आत शिरल्यावर तो आतड्याच्या पेशींमधील पटलांच्या पिशव्यांत राहून वाढतो. पिल्लांच्या आतड्यातून हा प्रवेश प्रौढांपेक्षा सहज होतो. पिल्लू असताना जिवाणू घेतलेला किडा प्रौढ झाल्यावर चांगला प्रसारक ठरतो, तर प्रौढपणी प्रथमच जिवाणू घेतलेला किडा तुलनेने कमी प्रसार करतो. त्यामुळे रोगट झाडाच्या नवतीवर वाढलेली पिल्ले हीच पुढच्या प्रसाराची मूळ फौज असते.

आपण बागेत भिंग घेऊन कोवळी नवती पाहावी. प्रौढ सायला तीन ते चार मिलिमीटरचा, ठिपकेदार तपकिरी पंखांचा असतो आणि डोके खाली, मागचा भाग वर अशा तिरक्या अवस्थेत बसतो. पिल्ले चपटी, पिवळसर असतात आणि त्यांच्या मागच्या भागातून पांढरे मेणचट, वळलेले धागे निघालेले दिसतात. अंडी मात्र अगदी उमलत्या पालवीच्या बेचक्यातच घातली जातात. जून झालेल्या पानावर हा किडा बसतो आणि रस पितो, पण पिढी वाढवू शकत नाही. म्हणून आंबिया, मृग आणि हस्त या बहारांच्या वेळी नवती फुटते, त्या सुरुवातीलाच लक्ष द्यावे लागते. फवारणीची औषधे व प्रमाण आपल्या भागातील कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या चालू शिफारशीनुसार घ्यावे आणि शेजारच्या बागांनीही त्याच आठवड्यात काम करावे, कारण प्रौढ किडा बांध पाहत नाही. बांधावरचा कढीपत्ता आणि घरापुढची कुंती यांवरही सायला वाढतो. तेथील पालवीही तपासत जावी.

दुसऱ्या म्हणण्याला अर्धे म्हणालो, ते यासाठी : आज बागेत असलेला एखादा प्रौढ किडा आधीच दोन-तीन आठवड्यांची ती मुदत पार करून आलेला असू शकतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

झाडात गेल्यावर या जिवाणूला शिरण्यासाठी झगडावे लागत नाही, कारण किड्याची सोंड त्याला थेट रसवाहिनीत सोडते. तेथे तो नळीच्या आतल्या पटलाला चिकटलेलाही दिसतो आणि चाळणीसारख्या आडपडद्यांच्या छिद्रांतून पुढे सरकतानाही दिसतो. झाड त्या छिद्रांवर कॅलोज नावाचा पदार्थ भरते, पानांत पिठूळ अंश साचतो, आणि पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पिवळे-हिरवे डाग पडतात. जस्ताच्या कमतरतेत हे डाग दोन्ही बाजूंना सारखे असतात, ग्रीनिंगमध्ये नसतात. शंका आली तर डोळ्यांनी निर्णय करू नये, पानांचा नमुना तपासायला पाठवावा.

एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी सांगणे मला गरजेचे वाटते. रोगट झाडाचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधला, तर चिकटणे, आतडे, लाळ हा सारा प्रवास वगळून जिवाणू नव्या रोपात आयता पोहोचतो. कलमे घेताना मातृवृक्षाची तपासणी झालेली आहे की नाही, हे रोपवाटिकेला आग्रहाने विचारावे. सायलाच्या बंदोबस्तावर वर्षानुवर्षे खर्च करून रोगट कलम लावणे यासारखे नुकसान नाही.

प्रश्न : डाळिंबावरचा तेल्या किडींमुळे पसरतो का? (सांगोला)

उत्तर : वरील अर्थाने नाही. तेल्याचा जिवाणू, झॅन्थोमोनास, कोणत्याही कीटकाच्या तोंडात वस्ती करण्यासाठी घडलेला नाही. तो पावसाचे उडणारे थेंब, वारा, छाटणीच्या कात्र्या आणि रोगट रोपे यांतून पसरतो आणि पानाच्या रंध्रांतून वा जखमांतून शिरतो. किड्याच्या पायाला लागून तो थोडा इकडेतिकडे जाऊ शकतो, परंतु किडे मारून तेल्या आटोक्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कात्री निर्जंतुक करणे आणि निरोगी रोपे घेणे यांवरच भर द्यावा.

प्रश्न : उसाच्या गवताळ वाढीच्या रोगाला फायटोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू कारणीभूत असतो आणि त्याला पेशीभित्तिकाच नसते, असे वाचले. मग त्याला तंतू तरी कसे असणार? तो तुडतुड्याला धरतो कशाने? आणि सगळेच तुडतुडे हा रोग का पसरवत नाहीत? (एक विज्ञान शिक्षक, कागल, जि. कोल्हापूर)

उत्तर : आपला तिसरा प्रश्न पहिल्या दोन्हींचे उत्तर शोधायला मदत करतो. फायटोप्लाझ्माचा शोध 1967 साली जपानमध्ये लागला. तोपर्यंत हे रोगही विषाणूंचे मानले जात. ही सूक्ष्म पेशी केवळ एका पटलात गुंडाळलेली असते. भित्तिका नाही, झायलेलासारखे तंतूही नाहीत. पण त्या पटलावर काही प्रथिने फार मोठ्या प्रमाणात असतात आणि यजमानाशी संबंध येतो तो त्यांचाच.

कांद्याच्या पिवळेपणास कारण होणाऱ्या फायटोप्लाझ्मावर जपानी संशोधकांनी 2006 साली केलेले काम येथे उद्‌बोधक आहे. त्याच्या पृष्ठभागावरील मुख्य प्रथिन तुडतुड्याच्या पेशींतील अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांशी जोडले जाते. ही पेशीचा सांगाडा सांभाळणारी व हालचाल घडवणारी प्रथिने आहेत. आतड्याच्या स्नायूंभोवतीच्या अ‍ॅक्टिन तंतूंवर फायटोप्लाझ्मा आढळला. संशोधकांनी वेगवेगळ्या जातींचे तुडतुडे तपासले, तेव्हा हा जोड फक्त रोग पसरवू शकणाऱ्या जातींत बनला, इतरांत बनला नाही. रोगट झाडाचा रस दोघेही पितात, फायटोप्लाझ्मा दोघांच्याही पोटात जातो, परंतु आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीपर्यंत पोहोचण्याची संधी त्याला एकातच मिळते. युरोपातील द्राक्षांवर येणाऱ्या सोनेरी पिवळेपणाच्या रोगातही तसेच दिसते : तेथील फायटोप्लाझ्माच्या एका पृष्ठभागी प्रथिनाचा लेप दिलेले सूक्ष्म मणी तुडतुड्याच्या मधल्या आतड्याला चिकटतात.

उसात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तुडतुडे रोग पसरवतात हे खरे, पण आपल्या शेतकऱ्याकडे तो सर्वाधिक येतो रोगट बेण्यातून, आणि बेण्यात फायटोप्लाझ्माला चिकटण्याची गरजच नसते. म्हणून उष्ण बाष्पयुक्त हवेच्या यंत्रात 54 अंश सेल्सिअस तापमानाला प्रक्रिया केलेले मूलभूत बेणे वापरणे, लागणीत दिसलेली गवताळ बेटे मुळासकट उपटून नष्ट करणे आणि प्रमाण वाढलेले असेल तर खोडवा न ठेवणे, हे उपाय किडीच्या बंदोबस्ताइतकेच आवश्यक ठरतात. बेट ओळखताना लोहाच्या कमतरतेने पडणाऱ्या केवड्याशी गल्लत होते, कारण दोन्हींत पाने पांढरट पडतात. गवताळ वाढीत बारीक, आखूड पानांचे पुष्कळ फुटवे एकत्र येतात आणि त्यांना ऊस धरत नाही. शिवाय हिराकसाची फवारणी केल्यावर केवडा पडलेली पाने काही दिवसांत हिरवी होऊ लागतात, गवताळ बेटाची पाने तशीच राहतात. आपल्या विद्यार्थ्यांना शेतावर न्यावयाचे असेल तर ही तपासणी त्यांच्याकडून करून घेता येईल.